लाख डब्यांचं वर्ष

१

शनिवारी सकाळी साडेआठला माझी भावजय दारात उभी राहिली, ती दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. एरवी मी तिला सोडलं नसतं, चार दिवस चिडवलं असतं. पण तिचा चेहरा बघून माझी जीभ जागच्या जागी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "यांना चोर म्हणतायत."

"कुणाला?"

"तुमच्या भावाला. गोदामातले नऊ हजार डबे गेलेत. कालपासून घरी बसलेत. जेवत नाहीत, बोलत नाहीत. सोमवारी अकरा वाजता मालक पोलिसांत तक्रार देणार आहेत."

माझा धाकटा भाऊ रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गोदाम सांभाळतोय. दुकानदाराने चुकून दोन नाणी जास्त दिली, तर भर उन्हात परत द्यायला जाणारा माणूस आहे तो. त्याच्या या वेडेपणावरून मी त्याला जन्मभर बोलले आहे. आणि तो नऊ हजार डबे चोरणार! वीस-वीस लिटरचा एकेक डबा, वजन अठ्ठावीस किलो. ही काय खिशात घालून न्यायची वस्तू आहे?

मी तशीच उठले आणि तिच्याबरोबर गेले. भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, समोर चहा गार झालेला.

"काय रे, काय झालं?"

"ताई, तू यात पडू नकोस."

"म्हणजे? डबे गेले कुठे?"

"मला काही विचारू नकोस. तुझ्या पाया पडतो."

बावन्न वर्षांत त्याने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. लहानपणी खोटं बोलायचा झाला, तर आधी कान लाल व्हायचे. आता कान पांढरे पडले होते. भावजय दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. चोरी केली असती, तर त्याने मला सांगितलं असतं. हा दुसरं काहीतरी लपवत होता.

२

मी पोलीस नाही, वकील नाही. मी कॉलेजात चौतीस वर्षं अकाउंट्स शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघे दुखतात, कमी ऐकू येतं, आणि माझ्या रागाला घरातलं मांजरसुद्धा घाबरतं. पण ताळेबंद वाचता येतो. भावासाठी माझ्याकडे तेवढंच होतं, तेवढं घेऊन मी कारखान्यात गेले.

फाटकातून आत शिरल्यावर समोरच भिंतीवर मोठा फोटो. सगळे कामगार ओळीत उभे, पुढे पुठ्ठ्याची पाटी: "लाख डब्यांचं वर्ष". माझा भाऊ मागच्या ओळीत, अर्धा खांबाआड. वर्ष संपून तीनच आठवडे झाले होते.

म्हातारे मालक आपल्या खोलीत बसले होते. टेबलावर रंगांच्या नमुन्यांची पट्टी आणि हृदयाच्या गोळ्यांची डबी. मला बघून उठायला लागले. मी नको म्हटलं.

"बाई, मलाही हे गोड वाटत नाहीये," ते म्हणाले. "तुमच्या भावाला मी मुलासारखं वागवलं. पण नव्या यंत्रासाठी कर्ज मागितलंय, म्हणून काल बँकेची माणसं माल मोजायला आली. कागदावर वर्षअखेरीला चाळीस हजार डबे. तीन आठवड्यांतली आवक-जावक धरली, तरी नऊ हजार कमी! माझी लाज गेली त्यांच्यासमोर."

"आणि विम्याला पोलिसांचा कागद लागतो," मागून आवाज आला. "जितका उशीर, तितकी भरपाई अवघड."

मालकांचे जावई. अकरा वर्षं विक्री सांभाळली, दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं दुखणं निघाल्यापासून सगळा कारखाना बघतात. शर्टाला इस्त्री अशी की बोट लावलं तर कापेल. बोलायला फार गोड. मला कॉफी मागवली, गुडघ्यांची चौकशी केली, पाठीला उशी दिली. इतकं अगत्य झालं की मी सावध होते. चौतीस वर्षांत जी मुलं फुकट दार उघडून धरायची, त्यांनी गृहपाठ केलेला नसायचा.

"सोमवारी अकरापर्यंत थांबताय ना?" मी मालकांना विचारलं.

"थांबतो. शब्द दिलाय."

"मग मला तेवढ्यात तुमचे दोन वर्षांचे ताळेबंद बघू द्या. आणि नफातोटा पत्रक."

जावई हसले. "मॅडम, डबे गोदामातून गेलेत, ताळेबंदातून नाही."

"असेल. पण गोदामात मला जिने चढवत नाहीत," मी म्हटलं. "कागद बसून वाचता येतात."

मालकांनी घंटी वाजवली आणि हिशेबनीस बाईंना बोलावलं. ती आत आली, तिने मला बघितलं आणि तिच्या हातातली फाईल खाली पडली.

३

ती माझीच विद्यार्थिनी होती. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायची आणि ताळेबंद जुळला नाही की रडायची. आता केस पिकायला लागले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिच्या खोलीत मला बसवून तिने दार लावून घेतलं.

"बाई, सर चोर नाहीत," ती म्हणाली. माझ्या भावाला ती सर म्हणायची.

"हे तू कशावरून म्हणतेस?"

"असंच."

"हिशेबात 'असंच' नसतं. कागद काढ."

तिने काढले. यंदाचे आकडे अजून कच्चे होते, पण बँकेला दिलेले तेच. मी चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

गेल्या वर्षी विक्री अकरा कोटी सत्तर लाख. यंदाही तेवढीच, नव्वद हजार डबे. एक डबा तेराशेला विकला जातो, आणि बनवायला हजार लागतात. दोन्ही वर्षं तेच भाव. म्हणजे ढोबळ नफा काढायला पेन्सिलही नको. तेराशेवर तीनशे, शेकडा तेवीस. गेल्या वर्षीच्या कागदावर तेवीसच होता.

यंदाच्या कागदावर होता तेहेतीस.

मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा तेहेतीस.

"काय गं, रंगात पाणी घातलं का यंदा?"

तिने पान उलटलं.

मग मी साठ्याचे दिवस काढले. अखेरचा साठा भागिले विकलेल्या मालाची किंमत, गुणिले तीनशे पासष्ट. मुलांना मी सांगायचे, घरातलं धान्य किती दिवस पुरेल, तसा हा आकडा. गेल्या वर्षी एकशे बावीस दिवसांचा माल गोदामात होता. यंदा एकशे नव्याण्णव. विक्री एका डब्यानेही वाढली नाही, आणि माल अडीच महिन्यांचा जास्त! कुणी शहाणा माणूस असा माल साठवून ठेवील का?

शेवटी रोख प्रवाह. नफा सव्वा कोटीच्या आसपास वाढलेला, आणि धंद्यातून हातात आलेली रोख आहे तिथेच. मग हा नफा गेला कुठे? रोखीत आला नाही, उधारीत वाढला नाही. सगळाच्या सगळा साठ्यात जाऊन बसला होता.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"पोरी, मला एक सांग. चोर डबे घेऊन जातो. तो जाताना नफ्याची टक्केवारी वाढवून जातो का?"

तिने मान हलवली, नाही म्हणून.

"बघ. नऊ हजार डबे खरोखर बनले असते, तर त्यांना लागलेलं रसायन, मजुरी, वीज, सगळा खर्च पुस्तकात आला असता. खर्च वाढला असता, साठा वाढला असता, आणि नफा तेवीसच राहिला असता. मग भले रात्रीतून कुणी ते चोरून नेवोत! पण इथे साठा वाढला आणि खर्च वाढलाच नाही. अखेरचा साठा फुगवला की विकलेल्या मालाची किंमत तेवढी घटते आणि नफा तेवढा फुगतो. हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलंय."

"हो बाई."

"म्हणजे ते डबे कुणी चोरले नाहीत. ते कधी भरलेच गेले नाहीत."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण हे नुसते रेशो आहेत, बाई. मालक मानतील? ते म्हणतील, टक्केवारीला काय पुरावा?"

खरं होतं. तेहेतीस टक्के दाखवून मी भावाला सोडवू शकत नव्हते. मला हाताला लागेल असं काहीतरी हवं होतं, आणि हातात उरला होता दीड दिवस.

४

रंग कशात भरतात? डब्यात. हे एवढं साधं माझ्या डोक्यात यायला अर्धा तास लागला. वय झालं, दुसरं काय!

"रिकाम्या डब्यांची वही कुठाय?" मी विचारलं.

"सरांकडे असते. गोदामाच्या कपाटात."

ती जाऊन घेऊन आली. निळी पुठ्ठ्याची वही, भावाचं टपोरं अक्षर, एकही खाडाखोड नाही. ते अक्षर बघून मला भरून आलं. लहानपणी त्याला पाटीवर मीच गिरवायला शिकवलं होतं.

वर्षाच्या सुरुवातीला रिकामे डबे सहा हजार. वर्षभरात पत्र्याच्या कारखान्यातून आले नव्वद हजार. तिने सगळी बिलं काढून बेरीज ताडून पाहिली. बरोबर नव्वद. वर्षअखेरीला शिल्लक पाच हजार, आणि तीन आठवड्यांतला वापर धरला, तर काल बँकेच्या माणसांनी मोजलेला आकडाही तोच.

सहा अधिक नव्वद, वजा पाच. एक्क्याण्णव हजार डबे वापरले गेले.

आणि पुस्तकात उत्पादन होतं एक लाख.

"नऊ हजार डब्यांचा रंग काय ओंजळीत धरून ठेवला होता?" मी जवळजवळ ओरडले. हिशेबनीस दचकली, मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मलाही आवरेना. गेल्या वर्षीचे शिल्लक तीस हजार, एक्क्याण्णव हजार नवे, त्यातले नव्वद हजार विकले. उरले एकतीस हजार. तीन आठवड्यांची आवक-जावक धरून काल बँकेने मोजले, तेही अगदी तेवढेच. एकही डबा कमी नव्हता!

माझा भाऊ चोर नव्हता. मला ते आधीही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि वहीत दिसणं वेगळं.

पण मग लाखाचा आकडा लिहिला कुणी? समोर बसलेल्या पोरीकडे मी पाहिलं. हिशेब तिच्या हातात, कागद तिच्या हातात, आणि मला बघून फाईल तिच्याच हातून पडली होती.

५

"वर्षअखेरीच्या साठ्याचा कागद दाखव."

तिने खणातून एकच पान काढलं. एकच ओळ: तयार रंग, चाळीस हजार डबे, किंमत चार कोटी सत्तावीस लाख. बाजूला पेन्सिलीने काढलेलं छोटं प्रश्नचिन्ह.

चाळीस हजार डबे, हजार भावाने, चार कोटी व्हायला हवेत. वरचे सत्तावीस लाख कुठून आले? खरे एकतीस हजार डबे बाजूला काढले, त्यांचे तीन कोटी दहा लाख. उरले एक कोटी सतरा लाख. त्याला नऊ हजारांनी भागलं.

तेराशे. नेमके तेराशे.

मी खुर्चीत मागे टेकले. "तू नव्हेस ती."

"बाई?"

"साठा नेहमी पडलेल्या किमतीला धरायचा. बाजारभाव त्याहून कमी असेल, तर त्या भावाला. पण विकायच्या भावाने, न मिळालेला नफा त्यात घालून, कधीही नाही! हे तर शिपायाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तुला खोटं लिहायचं असतं, तर तू हजारानेच लिहिलं असतंस. माझ्या हाताखालून गेलेली पोरगी खोटंसुद्धा नियमाने लिहील."

"हे प्रश्नचिन्ह माझं आहे," ती हळूच म्हणाली. "आकडे मला तयार आले. मी विचारलं, हे नऊ हजार तेराशेने का धरलेत? तर म्हणाले, नवा भारी रंग आहे, बनवायलाच तेराशे पडतो."

"आणि विकतात केवढ्याला?"

"तेराशेला."

"मग बनवतात कशाला, धर्मादाय?"

"बाई, मी एवढं विचारलं तर म्हणाले, नोकरी करायची आहे ना. माझ्या घरात कमावणारी मी एकटीच आहे."

तिला आणखी काय बोलणार? कारखान्यात डब्याची किंमत तेराशे म्हणून ओळखणारा माणूस एकच होता. रसायनवाला डबा किलोवर ओळखतो, हिशेबनीस खर्चावर. अकरा वर्षं दुकानदारांना डबे विकणाऱ्याला डबा म्हटलं की तेराशेच दिसतात. जावईबापूंनी खोटा माल लिहिला तोही विक्रीच्या भावाने. सवयच तशी, त्याला ते काय करणार!

"यांना लाखच का हवे होते?"

"मालकांनी शब्द दिला होता. ज्या वर्षी लाख डबे भरशील, त्या वर्षी कारखाना तुझ्या नावावर."

सगळं जुळलं. मी उठले. मालकांच्या खोलीकडे चार पावलं टाकली असतील, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"बाई, एक कागद तुम्ही पाहिला नाहीत." ती म्हणाली. "उत्पादनाची पावती. शेवटच्या दिवसाची."

नऊ हजार डबे गोदामात मिळाले, असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली सही होती, टपोऱ्या अक्षरात. माझ्या भावाची.

६

रविवारी सकाळी मी ती पावती भावाच्या मांडीवर ठेवली. भावजयीला मुद्दाम बाहेर पाठवलं नाही. ऐकू दे तिलाही.

"एकही डबा आला नव्हता," मी म्हटलं. "रिकाम्या डब्यांची वही पाहिली मी. मग सही कशी केलीस?"

त्याने पावती उलटी करून ठेवली.

"आमच्याकडे तसंच चालतं, ताई. आधी चिठ्ठी, मग माल. भरणं चालू असतं, गाड्या ओढायला वेळ लागतो, म्हणून चिठ्ठीवर सही घेऊन ठेवतात. सव्वीस वर्षं तसंच. संध्याकाळपर्यंत माल येतोच. त्या दिवशी जावई स्वतः आले. म्हणाले, वर्षाचा शेवटचा दिवस, डबे खाली तयार आहेत, सही करा. केली. संध्याकाळी आले नाहीत. सकाळी आले नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"गेलो होतो बोलायला. म्हणाले, पुढच्या वर्षी थोडं थोडं कमी दाखवून भरून काढू, कुणाला कळणार नाही. मालकांचं हृदय आधीच तसं. बोललात तर ते जातील, बँक कर्ज देणार नाही, कारखाना बंद पडेल. सही तुमची आहे."

"आणि परवा बँकेची माणसं आली."

"तेव्हा त्यांनी बाजूला घेतलं. म्हणाले, चोरी म्हणू या. विमा पैसे देईल, भगदाड बुजेल, कारखाना वाचेल. तुम्ही फक्त गप्प बसा. जामीन मी देतो, घरी पगार पोचता करतो. दोनेक वर्षांची गोष्ट."

भावजय भिंतीला टेकून खाली बसली.

"आणि तू हो म्हणालास?" मी किंचाळले. "अरे, तू माणूस आहेस की पायपुसणं? दोन वर्षं तुरुंग! बायकोला चोराची बायको करून? आणि मला काय सांगणार होतास?"

"एकशे चाळीस माणसं आहेत तिथं, ताई. सगळ्यांना मी ओळखतो. आणि सही माझीच आहे. न बघता केली. मी काही अगदीच निर्दोष नाही." त्याने माझे दोन्ही हात धरले. "उद्या तू काही बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे."

मी हात सोडवून घेतले. आयुष्यात त्याच्या शपथा मी पुष्कळ पाळल्या. ही पाळली तर तो तुरुंगात जाणार होता. त्या दिवशी दुपारी आम्ही तिघांनी ताटं मांडली आणि तशीच उचलून ठेवली.

७

सोमवारी अकराला मालकांच्या खोलीत आम्ही पाच जण. मालक, जावई, हिशेबनीस, भाऊ आणि मी. तक्रारीचा कागद टेबलावर तयार होता, फक्त सही व्हायची होती.

मी शपथ मोडली. भावाकडे न बघता बोलत गेले. आधी तेवीसचे तेहेतीस कसे झाले ते, मग एकशे नव्याण्णव दिवस, मग रोख. जावई मध्येच म्हणाले, "मॅडम, हा वर्ग नाहीये." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला अजून बाहेर काढलं नाही." मग निळी वही उघडून रिकामे डबे मांडले. मालकांनी स्वतः कागद ओढून बेरीज केली, दोनदा. शेवटी मी ते तेराशे मांडले.

जावयांच्या कपाळावर घाम आला, पण तोंड चालूच होतं. "पपा, तुम्हीच म्हणायचात ना, लाख करून दाखव. दोन वर्षं झटतोय मी. नव्वद-एक्क्याण्णवच्या वर जातच नाही हे. तुम्ही रोज जेवताना विचारायचात, किती झाले? किती झाले?"

मग मालकांनी तक्रारीचा कागद उचलला आणि चार तुकडे केले. सुटला! माझा भाऊ सुटला!

"बाई, तुमच्या भावाची मी माफी मागतो," मालक म्हणाले. "त्यांनी आजपासून कामावर यावं, पगार वाढवून देतो. पण एक विनंती आहे. हे इथेच राहू द्या. बँकेला कळलं तर कर्ज गेलं, आणि कर्ज गेलं तर मी संपलो."

जावयांना लगेच धीर आला. "सोपं आहे. नऊ हजार डबे खराब झाले, ओतून टाकले, असं दाखवू. बँक तेवढं समजून घेईल. मागच्या तारखेची एक चिठ्ठी करायची, गोदामाची फक्त एक सही लागेल." त्यांनी खिशातलं पेन काढून भावापुढे धरलं.

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. चौतीस वर्षं मुलांना शिकवलं ते सगळं त्या क्षणी मला कवडीमोल वाटलं. मला माझा भाऊ घरी न्यायचा होता. मी त्याच्याकडे बघून मानही हलवली, कर म्हणून.

भावाने पेन घेतलं. चिठ्ठीकडे बघितलं.

"ती न बघता केली होती," तो म्हणाला. "ही बघून करू?"

"अरे, फक्त एक सही..." मालक म्हणाले.

"चोर म्हणून न्यायला आला असतात तर आलो असतो, मालक. पण ही नाही होणार माझ्याच्याने."

त्याने चिठ्ठी बाजूला सारली आणि आपली तयार मालाची वही पुढे ओढली. लाल शाईने शेवटच्या दिवसाची नोंद खोडली. सव्वीस वर्षांतली ती त्याची पहिली खाडाखोड. बाजूला लिहिलं: हे नऊ हजार डबे कधीच आले नाहीत, माल न बघता सही केली, चूक माझी. खाली नाव, तारीख. वही त्याने हिशेबनीस पोरीच्या हातात दिली.

ती उठली. "मी बँकेला दुरुस्त ताळेबंद पाठवते," ती म्हणाली. जावई तिच्यावर ओरडले. ती थांबली नाही.

८

बँकेने कर्ज दिलं नाही. नवं यंत्र आलं नाही, जुन्यातलं एक बंद पडलं, आणि दुसरी पाळी बंद झाली. मालकांनी जावयांवर तक्रार केली नाही. कशी करणार, मुलगी जावयांच्या घरात. जावई तिला घेऊन दुसऱ्या गावी गेले. भावाला मालकांनी हिशेब चुकता करून घरी पाठवलं. सही केली होती, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. हिशेबनीस मात्र राहिली. खरा ताळेबंद लिहिणारं कुणीतरी त्यांना आता लागणारच होतं.

परवा मी भावाकडे गेले. तो खिडकीपाशीच बसला होता, दाढी केलेली होती. समोरच्या रस्त्यावरून एक माणूस मान फिरवून गेला. आधी रोज थांबून हात करायचा म्हणे. डबे भरायच्या यंत्रावर होता, दुसऱ्या पाळीत.

"एक्केचाळीस," भाऊ म्हणाला.

"काय एक्केचाळीस?"

"माणसं. कामावरून गेलेली. मी नावं लिहून काढली." मग म्हणाला, "मी दोन वर्षं आत गेलो असतो, तर यांची कामं राहिली असती ना, ताई?"

मी आयुष्यभर उत्तरं दिली. उत्तर येत नसलेल्या पोरांना बाकावर उभं केलं. याला काय सांगू? खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं.

"राहिली असती," मी म्हटलं. "पण मला त्या एक्केचाळीस माणसांपेक्षा तू हवा होतास. मी ते सगळं खऱ्यासाठी केलं नाही रे. तुझ्यासाठी केलं. खरं ते तू केलंस."

तो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. भावजयीने आतून विचारलं, ताटं किती मांडू. मी तीन म्हणून सांगितलं.